वाचून फाडून टाकावे

दिवाळीच्या आधी माळा साफ करण्याचे काम आमच्या घरी पूर्वीपासून माझ्याकडे आहे. अलीकडे डॉक्टरांनी शिडीवर चढायची बंदी केल्यामुळे मी खाली उभा राहून हुकूम सोडतो आणि माझी नात वर चढते. यंदा तिने वरून एक पत्र्याची ट्रंक खाली दिली. कडीला गंज चढला होता. उघडली तेव्हा आत वडिलांना आलेली पत्रे निघाली, सालवार सुतळीने बांधलेली. वडील रेव्हेन्यूमध्ये कारकून होते, तेव्हा गठ्ठे बांधण्याची त्यांची हातोटी काय सांगावी!

हल्लीच्या मुलांना ठाऊक नसेल, पण त्या काळी कार्ड आणि पाकीट यांत जमीनअस्मानाचे अंतर होते. कार्ड म्हणजे चव्हाट्यावरची गोष्ट. पोस्टमन ते वाचणार, खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड वाचणार, हे गृहीत धरूनच लिहावयाचे. आमच्या वाड्यातला पोस्टमन तर "पास झाला बरं का धाकटा!" असे दिंडीतूनच ओरडून मग कार्ड हातात देई. जे सर्वांसाठी नाही ते पाकिटात. आणि जे पाकिटातही सुरक्षित वाटत नसे, त्याच्या शेवटी एक ओळ असे: वाचून फाडून टाकावे.

तशी ओळ असलेले एक पत्र ट्रंकेत निघाले. आमच्या वाईच्या आत्याचे, १९५१ सालचे. वडिलांनी ते फाडले नव्हते.

नातीने लगेच मोबाइल सरसावला. "आबा, याचा फोटो काढून आपल्या घरच्या ग्रुपवर टाकू का? आत्याआजीचं अक्षर किती सुंदर आहे बघा!"

मी नको म्हटले. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने विचारले, "कोणत्या कलमाखाली?"

शिवाजीनगरच्या कोर्टात चाळीस वर्षे वकिली केलेला मी माणूस, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. तेव्हा जे सुचले नाही ते आता सावकाश लिहीत आहे. उत्तर शोधताना माझ्या असे ध्यानात आले की, माणसाचे घर, माणसाचे पत्र आणि माणसाची माहिती ही त्याची स्वतःची की सरकारची, हा तंटा आपल्या या पुण्यात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालला आहे.

आरंभ १८९७ पासून करावा लागतो. आदल्या वर्षी मुंबईत प्लेग आला, तो पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा कायदा, पण त्याने सरकारच्या हाती काय दिले नाही ते विचारा. साताऱ्याहून रँडसाहेब आले, प्लेग कमिटी बसली, आणि मार्चपासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या सोजिरांच्या टोळ्या पुण्याच्या पेठांतून घरोघर शिरू लागल्या. देवघर म्हणू नका, माजघर म्हणू नका. सामान बाहेर काढून जाळावे, जमिनी उकराव्यात, रोगी म्हणून संशय आला की माणूस उचलून न्यावा, बायकांना रस्त्यावर उभे करून तपासावे. रोग खरा होता, माणसे मरत होती आणि काहीतरी करणे भागच होते, हे विसरून चालणार नाही. परंतु आमच्या पणजीच्या पिढीला आठवत राहिला तो रोगापेक्षा उंबरठा. परका पुरुष बूट घालून माजघरात आला, एवढीच गोष्ट ती माणसे पुढे चाळीस वर्षे सांगत होती.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत काय झाले, ते प्रत्येक मराठी मुलाला पाठ आहे. मला त्याच्या बाजूची एक कमी सांगितली जाणारी हकीकत सांगावयाची आहे.

गोपाळराव गोखले त्या वेळी विलायतेत होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गेले होते. वय अवघे एकतीस. पुण्याहून त्यांना मित्रांची पत्रे येत होती आणि त्यांत सोजिरांच्या वागणुकीच्या भयंकर हकिकती होत्या. दोन स्त्रियांवर अत्याचार झाला, त्यांतील एकीने जीव दिला, असेही एकाने कळविले होते. जुलैच्या आरंभी गोखल्यांनी ते 'मँचेस्टर गार्डियन'मधून जगापुढे मांडले. गहजब झाला. मुंबई सरकारने पुरावा मागितला. पुरावा म्हणजे काय? ती पत्रे, आणि ती लिहिणारांची नावे. पण एव्हाना रँडचा खून झालेला. नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, खटल्यावाचून, उचलून स्थानबद्ध केलेले. टिळकांना राजद्रोहासाठी पकडलेले. अशा वेळी पत्रलेखकाचे नाव उघड करणे म्हणजे त्या माणसाला पोलिसांच्या हाती देणे.

गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतः बिनशर्त माफी मागितली आणि ती छापूनही आणली. पुण्याने त्यांना त्याबद्दल फार वर्षे क्षमा केली नाही. भित्रा म्हणाले, आणखी पुष्कळ म्हणाले. ऐकीव हकीकत नीट पारखून न घेता छापावयास दिली ही त्यांची चूक होती, हे मीही म्हणेन. पण खासगी पत्राचा विश्वास राखण्यासाठी आपली अब्रू पणाला लावणारा माणूस आमच्या गावात होऊन गेला, हे त्या माफीच्या गदारोळात कोणी लक्षात घेतले नाही. लहानपणी मीही गोखल्यांना भित्राच समजत होतो. आमचे मास्तर तसे सांगत.

दुसरी गोष्ट टिळकांच्या खणातली. २४ जून १९०८ रोजी टिळकांना मुंबईत सरदारगृहात अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी पुण्यात गायकवाड वाड्याची झडती झाली. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या दोन अग्रलेखांवर खटला होता. लेख छापलेले, हजारो लोकांनी वाचलेले, त्यांच्यासाठी झडतीची गरज ती काय? पण झडती झाली, आणि टेबलाच्या खणात एक कार्ड सापडले. त्यावर टिळकांच्या हस्ताक्षरात स्फोटक द्रव्यांवरील दोन इंग्रजी पुस्तकांची नावे होती. झाले! ते कार्ड खटल्यात पुराव्याला आले. टिळकांनी सांगितले की, स्फोटक द्रव्यांचा नवा कायदा जूनमध्येच झाला, त्यावर टीका लिहावयाची तर स्फोटक शब्दाची व्याख्या पाहावी लागते, म्हणून ग्रंथांच्या यादीवरून मी नावे टिपली. संपादकाच्या टेबलावर दुसरे काय सापडणार? पण एकवीस तासांचे त्यांचे भाषण एका बाजूला आणि ते चिटोरे दुसऱ्या बाजूला. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीतील सात जणांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोषी. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळे पाणी सुनावले. हेच दावर १८९७ साली बॅरिस्टर म्हणून टिळकांना जामीन मिळवून देण्यासाठी उभे राहिले होते!

शिक्षा कार्डामुळे झाली असे मी म्हणत नाही. ती व्हावयाचीच होती. परंतु माणूस स्वतःसाठी काय टिपून ठेवतो, कोणती पुस्तके वाचू पाहतो, एवढ्यावरून त्याचे मन ओळखता येते असे सरकारला वाटते, ही गोष्ट त्या खणातून प्रथम बाहेर आली. आज आपण मोबाइलवर दिवसभर जे शोधतो, त्याची यादी कोणाच्या तरी खणात साठत असते. टिळकांचे निदान एकच कार्ड होते.

पोस्टाचा कायदा या दोन गोष्टींच्या मधोमध, १८९८ साली आला. त्याच्या सव्विसाव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षितता व शांतता यांसाठी जरूर वाटेल तेव्हा पत्रे अडविण्याचा अधिकार सरकारला दिला. आणि तशी जरूर होती की नव्हती याबद्दल सरकारचा दाखला हाच अखेरचा पुरावा! ही तरतूद इंग्रज गेल्यावरही राहिली. पुढे १९८६ मध्ये संसदेने ती आणखी सैल करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठविले नाही. त्यांच्यामागून आलेल्या व्यंकटरामन यांनी १९९० मध्ये ते संसदेकडे परत धाडले, आणि २००२ मध्ये ते मागे घेण्यात आले. सही न करण्यानेही कधी कधी राज्यकारभार होतो तो असा. १८९८ चा कायदा अखेर २०२३ च्या नव्या कायद्याने रद्द झाला. नव्यातही पत्र अडविण्याचे कलम आहेच, कारणांची यादी मात्र पहिल्यापेक्षा लांब झाली आहे.

मग राज्यघटना करताना आमच्या थोरांना हे सुचले नव्हते काय? सुचले होते. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने जे निवेदन तयार केले, त्यात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांना गैरवाजवी झडतीपासून संरक्षण असावे असे स्पष्ट कलम होते. मुनशींच्या मसुद्यातही पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क होता. पोलिसांचे काम अडेल या भीतीने कमिटीत ते गळले. ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी घटना समितीत झडतीविषयीची दुरुस्ती पुन्हा मांडली. बाबासाहेबांनी उठून ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. फौजदारी कायद्यात हे आहेच, पण कायदेमंडळाच्या आवाक्याबाहेर ते ठेवलेले बरे, असा त्यांचा अभिप्राय. आता गाडी फलाटाला लागलीच असे वाटावे, तोच मतदान लांबणीवर पडले आणि पुढे दुरुस्ती नामंजूर झाली. घटनेत ती ओळ आली नाही ती नाहीच.

ओळ नाही म्हणून हक्क नाही, असे सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये आठ न्यायाधीशांच्या मुखाने सांगितले. प्रकरण झडतीचेच होते. १९६२ मध्ये खडकसिंगाचे प्रकरण आले. हा उत्तर प्रदेशातला इसम. दरोड्याच्या आरोपातून सुटलेला, तरी पोलीस रात्री-अपरात्री येऊन याचे दार ठोठावीत. कोर्टाने रात्रीचे दार ठोठावणे बेकायदा ठरविले, पण त्याच दमात खासगीपणाचा हक्क घटनेत नाही असेही म्हटले. म्हणजे दार ठोठावू नये, पण दारामागे काही आपले आहे असेही समजू नये! न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी वेगळे मत लिहून, स्वातंत्र्यातच खासगीपणा येतो, असे बजावले. पुढल्या निकालांनी, १९७५ मध्ये आणि टेलिफोन चोरून ऐकण्याच्या बाबतीत १९९६ मध्ये, सुब्बारावांचीच वाट धरली. परंतु आठांचा निकाल डोक्यावर बसलेलाच होता.

आणि मग आले आधार कार्ड. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे सरकारदरबारी नोंदली जाऊ लागली. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात अर्ज केला. २०१५ मध्ये सरकारतर्फे सांगण्यात आले की, खासगीपणाचा हक्कच नाही, तर भंग कसला? पाहा ते आठ न्यायाधीशांचे मत! म्हणून नऊ बसवावे लागले.

इथे पुण्याचा संबंध पुन्हा येतो, आणि तो मोठा विलक्षण आहे. यशवंतराव चंद्रचूड हे आपल्या पुण्यात १९२० साली जन्मलेले, नूतन मराठी विद्यालयात शिकलेले, आमच्या लॉ कॉलेजात वकील झालेले. देशाच्या सरन्यायाधीशपदी त्यांच्याइतका दीर्घ काळ कोणी राहिलेले नाही. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, स्थानबद्धाला कोर्टाचे दार ठोठावण्याचा हक्क उरत नाही असा जो निकाल चारांनी दिला, त्या चारांत ते होते. एकट्या खन्नांनी विरोधी मत दिले आणि पुढे सरन्यायाधीशपदाला मुकले. आम्ही पुण्याचे वकील तो विषय चंद्रचूडांच्या आदरापोटी हळू आवाजात बोलत असू.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला. चौघांच्या वतीने मुख्य निकालपत्र लिहिले होते यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी. त्यात त्यांनी १९७६ चा तो निकाल गंभीर चुकीचा असल्याचे नमूद करून रद्द ठरविला. त्या रद्द ठरलेल्या मतांत त्यांच्या वडिलांचे मत होते. वडील जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. मी ते निकालपत्र छापून आणून वाचले, आणि त्या पानाशी आलो तेव्हा चष्मा काढून बराच वेळ बसून राहिलो. नूमवितले आमचे काही मित्र म्हणाले, बापाचे नाव बुडविले. माझे मत निराळे आहे. बापाच्या गठ्ठ्यातला एक कागद मुलाने वाचला आणि फाडला, एवढेच त्याने केले.

हा झाला सरकारपासूनचा बचाव. शेजाऱ्यापासून आणि दुकानदारापासून कोण वाचविणार? एप्रिल २००५ मध्ये पुण्यातच सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांचे फोन घेणाऱ्या एम्फसिसच्या कॉल सेंटरमध्ये एक प्रकरण उघडकीला आले. काही कर्मचाऱ्यांनी गोड बोलून ग्राहकांचे गुप्त क्रमांक काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम पुण्यातल्या खात्यांत वळविली. चोरी पकडली गेली, माणसे पकडली गेली. पण माहिती सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, याला धड कायदा नव्हता. नंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३-अ हे कलम घातले गेले: निष्काळजीपणे माहिती फुटली तर कंपनीने नुकसानभरपाई द्यावी. त्याच कायद्याखाली निवाडा करून २०१३ मध्ये राज्याच्या अधिकाऱ्याने एका पुणेकर कारखानदाराला बँकेकडून ४५ लाख रुपये देवविले होते.

न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये माहितीच्या संरक्षणाचा सविस्तर मसुदा दिला. तो बदलत बदलत, एकदा मागे घेऊन, ऑगस्ट २०२३ मध्ये कायदा झाला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीवाचून माहिती घेऊ नये, कामापुरतीच घ्यावी, काम झाल्यावर पुसून टाकावी, हे त्याचे सार. दंड अडीचशे कोटींपर्यंत. वाचून बरे वाटते. पण वकिलाची नजर खोटी! दंड जातो सरकारी तिजोरीत, आणि भरपाई देवविणारे ते ४३-अ कलम हाच कायदा वगळतो. ज्याचे गेले त्याच्या हाती काय? शिवाय सरकारने आपल्या संस्थांना मोकळीक देण्याची सोय ठेवली आहे ती वेगळीच.

आणखी एक काटा आहे, तो महाराष्ट्राने विशेष ओळखावा असा. माहितीच्या अधिकाराचा कायदा आपल्याकडे अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे देशाच्या आधी, २००२ मध्येच, झाला. तळेगावचे सतीश शेट्टी जमिनीचे व्यवहार या अधिकाराने उकरीत होते. १३ जानेवारी २०१० रोजी त्यांना भर रस्त्यात मारण्यात आले. नव्या कायद्याने माहितीच्या अधिकारातील खासगी माहितीचे कलम बदलून टाकले. पूर्वी त्या कलमातच लोकहितासाठी खिडकी उघडी होती. आता खिडकी शोधावयाची तर घराला वळसा घालून दुसऱ्या कलमाकडे जावे लागते. माजघराला पडदा हवा. पण कचेरीला तोच पडदा लावून कसे चालेल?

कायदा काहीही म्हणो, आम्ही स्वतः कसे वागतो तेही सांगितले पाहिजे. मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले करोनाचे रुग्ण पुण्यातच सापडले आणि तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला. घरी राहावयास सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले. आमच्या सोसायटीत एक कुटुंब परदेशातून आले होते. त्यांचे नाव, मजला, मुलीचे वय, सगळे माझ्या मोबाइलवर तीन ठिकाणांहून आले. मीही ते काळजीपोटी पुढे दोघांना पाठविले. कोणा सोजिराने मला सांगितले नव्हते. ती मुलगी आता जिन्यात भेटली की हसते. मी मात्र खाली पाहतो.

तर नातीच्या प्रश्नाचे उत्तर. कोणत्याच कलमाखाली नाही. नवा कायदा घरगुती कारणासाठी माणसाने वापरलेल्या माहितीला लागू नाही, आणि गेलेल्या माणसाच्या खासगीपणाविषयी तो गप्पच आहे. तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे मी टाकू शकते."

"शकतेस," मी म्हटले.

तिने आत्याचे पत्र उलटसुलट पाहिले, घडी घातली आणि माझ्या हातात दिले. वडिलांनी ते का फाडले नसेल याचा विचार मी दोन दिवस करतो आहे. मी वरच्या दोन ओळी आणि खालची एक एवढेच वाचले आहे. मधले वाचलेले नाही. ही म्हणते, लक्ष्मीपूजनाच्या आत एकदाचे काय ते करा, टेबल आवरावयाचे आहे. पत्र सध्या माझ्या खणात आहे.